धुवायच्या बरण्या

सोमवार
आजपासून नवी नोकरी! नशा सोडवायच्या हॉस्पिटलात कपडे धुवायची. धाकट्या भावालाही इथंच ठेवलंय, तेही फुकट. डॉक्टरसाहेब देवमाणूस. स्वतः चहा करून दिला. मला जन्मात आयता चहा कोण देतंय! नवा पेशंट आला की त्याचे खिसे उलटे करायचे, पुडी सापडली तर साहेबांच्या हवाली करायची, मग धुलाई. धाकट्याच्या खिशातून लाल दोऱ्याची पुडी निघाली. कानाखाली जाळ काढणार होते, पण तोंड बघून हात उचलेना.

बुधवार
साहेबांच्या खोलीत काचेच्या बरण्या. पूड घेऊन मेलेल्यांची काळजं! एकेका देशाचं एकेक फडताळ. कुठला माणूस किती पुडीनं मरतो ते ताडून बघतात म्हणे. आपलं फडताळ अर्धं रिकामं. साहेब म्हणाले, मावशी, आपली माणसं फार मागं पडतात हो. मीही फिदीफिदी हसले.

शनिवार
एक दाढीवाला पेशंट बरा होऊन घरी गेला. साहेबांनी मला एक रिकामी बरणी धुवायला दिली.

गुरुवार
दाढीवाला मेला. बरणी भरली. बरा झालेला मरतो कसा, मी विचारलंच. साहेब म्हणाले, सवय सुटली की जुनी पुडीसुद्धा झेपत नाही. पण त्याची पुडी तर मी तुमच्या हातात दिली होती, म्हटलं. साहेबांनी चहा पुढे केला.

रविवार
उद्या धाकटा सुटणार. त्याचा इस्त्रीचा शर्ट साहेब घेऊन गेले, परत आणून ठेवला. खिशात हात घातला— लाल दोरा. पुडी संडासात ओतली. धाकट्याला सगळं सांगितलं, गुपचूप घरी जा म्हटलं. रडला. ताई म्हणून पाया पडला.

सोमवार
साहेबांनी सकाळीच चहा दिला. संशय नको म्हणून एका घोटात प्यायले. कडू.
धाकटा निघाला. खिसे चाचपले. मागं फिरला— सरळ साहेबांच्या खोलीत. दाराआडून ऐकलं. ताईनं माझी वस्तू घेतली म्हणाला. ताईनं! ज्याला कडेवर घेऊन—
साहेबांनी दुसरी दिली. आडवी गेले तर मला ढकलून पळाला. पाठीमागं धावायला पाय उचलेनात.
मोरीत धुवायच्या बरण्या. सकाळपासून ठेवल्यात. दोन.
एक धाकट्याची. दुसरी—
बोटं धरत नाहीत. साहेब दारात उभे, मावशी म्हणतात, जरा पडा