दुसऱ्या कडव्यातली गिटार

रवि., २ फेब्रु.
राजाजीनगर. वसंतअण्णांच्या गच्चीवर गाण्यांची बैठक. नियम नेहमीचाच. गाणी आधी अण्णांच्या फोनवर पाठवायची, ते उलटसुलट लावणार. बँडचं नाव नाही, कुणी आणलं तेही नाही. ऐकायचं, मत द्यायचं, मग आणणाऱ्याने हात वर करायचा. नाव बघून माना डोलावणाऱ्या या शहरात याहून प्रामाणिक जागा मला ठाऊक नाही.

मी 'जिना' नेलं होतं. नाव मी ठेवलेलं, गाणं कुठल्याशा छोट्या बँडचं. दोन गिटार एकमेकींना ओलांडत वर चढतात आणि वरच्या पायरीवर दार नसतं. मधे गाणाऱ्याचा सूर सुटतो, तो तसाच ठेवलाय. मोठ्या कंपनीने पुसून टाकला असता. असल्या गाण्यांवर माझा जीव आहे तो यासाठीच. अण्णा म्हणाले, "गाण्यापेक्षा तुझं भाषण लांब. स्वल्प कमी कर की रे!"

मग एक मराठी गाणं. घरात बोलतो तसली मराठी, मधेमधे कानडी. बाईचा आवाज, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पहिलं कडवं : एका घरात सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून. अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्यात गिटार अशी कोसळली की शब्द बुडाले. मी उठलोच. म्हणालो, सांगायची वेळ आली की गोंगाटाआड लपायचं, हा भित्रेपणा आहे. भित्र्या गाण्याला मी टाळी देत नाही. चांगला रंगलो होतो.

"कोणाचं हे?" अण्णा.

दाराजवळ हात वर झाला. आमची गौरी. "माझं. आवाजसुद्धा माझाच."

होसकोट्याच्या एका गोदामात मित्रांबरोबर बास गिटार वाजवते, एवढं ठाऊक होतं. गाते, हे नव्हतं. पोटच्या मुलीचा आवाज ओळखला नाही मी.

मंगळ., ४
गौरी परवा जेवायला न थांबता निघाली. सिटीतल्या आपल्या खोलीवर गेली. आज सुमनने सांगितलं, "सोळा तारखेला कार्यक्रम आहे त्यांचा. गाणार नाही म्हणतेय. दुसरी मुलगी बघा म्हणून सांगितलंय." एवढं बोलून बायको आत गेली. ती फार बोलत नाहीच.

शब्द मागे घ्यावेत? मुलीचं निघालं म्हणून लपण्याला संयम म्हणायचं? आपल्या माणसाला एक माप आणि परक्याला दुसरं, यावर किती सभांत आग ओकलोय. आणि तरी ती गायची थांबली तर...

गुरु., ६
सकाळपासून 'भिजलेला कोट' लावलंय. हेही नाव माझंच. कॉलेजपासूनचं. गिटारची भिंत, मागे कुठेतरी पुटपुटणारी मुलगी. शब्द कधीच कळले नाहीत, कळावेत असं वाटलंही नाही. मग इथे गोंगाट का चालतो? इथे तो लपवत नाही, सांभाळतो. थंडीत अंगाभोवती घट्ट धरल्यासारखा. गौरीच्या गाण्यात तसं नव्हतं. तिथे शब्द बाहेर यायला धडपडत होते. का हा सगळा माझा युक्तिवाद? वकिली कुणाची करतोय, गाण्याची की माझी?

शुक्र., ७
शेवटी मीच फोन केला.
"मत बदललं का अप्पा, माझं आहे कळल्यावर?"
"नाही."
ती हसली. चक्क. "सरी, बरं झालं. बदललं असतं तर पुन्हा काही ऐकवलं नसतं तुम्हाला."
"मग गाणार?"
"दुसरं कडवं नक्की ऐकायचंय?"
"हक्काने मागतोय."
"मागाहून भाषण नको हं."

रवि., १६
होसकोटे. गोदाम, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पोरांची गर्दी. अण्णा, सुमन, मी. गौरी माईकपाशी. पहिलं कडवं तेच. दुसऱ्याला गिटारवाल्याने हात काढून घेतला. नुसती बास आणि तिचा आवाज.

खुर्च्या ज्या दिशेला, तिथे एक माणूस उभा. जगातल्या सगळ्या मुक्यांसाठी भांडतोय. आई पान वाढून दारात थांबलीय, त्याचं वाक्य संपायची वाट बघत. भात थंड.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या बहुतेक.

गौरी खाली आली. घामाघूम. "आता आलं ऐकू?"
"आलं," म्हणालो. भित्रं नव्हतं, एवढं तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. तर अण्णा, गौरी, सुमन, तिघंही माझ्याकडे वळून, सरसावून बसले. सवयीने.

तोंड मिटलं. मग सुमनला विचारलं, "तुला कसं वाटलं गाणं?"
ती दचकली. गौरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगते. इथे नको. घरी गेल्यावर. वेळ लागेल मला."

सोम., १७
चहा झाला. सुमन खुर्ची ओढून समोर बसलीय. पेपर बाजूला ठेवला. हे तिच्यासमोरच लिहितोय, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. ती पेनाकडे बघतेय. आता पेन ठेवतो