हळदीच्या सदऱ्यावरचा प्रयोग

शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ
मंगळवार

शिरगावचे आमचे व्याही हेमचंद्रराव यांस जयदेवचा नमस्कार.

तुमची साखर आटोक्यात असेल, विहीणबाईंचा गुडघा जिना चढू देत असेल आणि अनीशच्या शुक्रवारच्या हळदीची तयारी जोरात असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल (आमची सौ. वृंदा माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने खुशाल आहे).

आमच्या नातीच्या, राजसीच्या, शाळेने कळवलं होतं की रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून धुण्याच्या कपड्यांवर विज्ञानाचा प्रयोग करावा, खर्च काही नाही. खरा खर्च असा: साबणाच्या दोन वड्या, परडीतली सगळी लिंबं, माझी दुपारची झोप आणि वर लिहिलेलं वृंदाचं बोलणं.

आता तुमच्या घरचा तो सदरा. तुमच्या वडिलांनी हळदीला घातला, मग तुम्ही, मग आमच्या जावईबापूंनी, आणि आता अनीश घालणार, एवढं मला ठाऊक होतं. शनिवारी प्रगती तो पिशवीत घालून माझ्या उल्हासनगरच्या बटणं-चेनींच्या दुकानात आली. समोर एक सिंधी शेठ जीन्सच्या बटणांवरून घासाघीस करत होता. पोरगी काही सांगू लागली, तर मी 'समजलं, समजलं' म्हणून पिशवी ठेवून घेतली. तुम्हाला माहीत आहे, फुटपाथवर चेनी विकत मी इथवर आलो. चेन ओढल्याच्या आवाजावरून मी माल ओळखतो, आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याला हवं ते बटण काढून समोर ठेवतो. मग पोटच्या पोरीला काय हवंय हे कळायला तिने बोलायला कशाला हवं? पिशवीत डोकावलो. पिवळे डाग. म्हणजे धुवायचा.

रविवारी राजसीला डाग पडलेला कपडा हवा होता आणि वृंदाच्या राज्यात तसा एकही सापडेना, म्हणून मी सदरा काढला. साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक. माझ्या हातातली वडी निसटली, राजसीने टाळ्या वाजवल्या. तिने लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. मला वाटलं निघतोय, म्हणून परत साबण, परत लाल. लिंबं संपेपर्यंत आम्ही हेच करत होतो (असं का होतं ते तिने मला समजावलं, मी समजल्याचं तिला सांगितलं). शेवटी वृंदाने विचारलं, प्रगतीने धुवायलाच दिलाय ना? मी ठणकावून हो म्हणालो. मग तिने तो चोळून धुतला आणि गच्चीवर कडक उन्हात टाकला. काल संध्याकाळपर्यंत सदरा नवाकोरा दिसत होता.

तेवढ्यात प्रगती आली. सदरा उलटा केला, सुलटा केला.

"बाबा, डाग कुठे गेले?"

"गेले," मी अभिमानाने म्हणालो.

"आजेसासऱ्यांच्या हळदीपासूनचे होते ते. आमच्यात हा सदरा धूत नाहीत. मी गळ्याचं तुटलेलं बटण लावायला दिला होता."

असं म्हणून ती रडायला लागली. कपडा स्वच्छ झाला म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. तिला एकच धास्ती, सासूबाईंना सांगणार कोण. मी सांगतो म्हणालो. (शाळेने प्रयोगाला 'अतिउत्तम' शेरा दिलाय. तो घरात कुणाला दाखवावा कळत नाही.)

आपला,
जयदेव

ता. क. विहीणबाईंना तूर्त काही बोलू नका. तुमच्या हळदीचा समोरून काढलेला एखादा फोटो गुपचूप मोबाइलवर पाठवा. तुमच्या वडिलांचा डाग खिशावर होता की कॉलरखाली, यावर माझं आणि प्रगतीचं एकमत होत नाही. हळद भिजवून ठेवली आहे.

ता. क. पुन्हा. वृंदाने हे पत्र वाचलं, भिजवलेली हळद आमटीत घातली आणि सरळ विहीणबाईंना फोन लावला. मी दाराआड होतो (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत). त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सदरा घेऊन या, शुक्रवारी आधी हे (म्हणजे तुम्ही) सदऱ्याला हळदीचा हात लावतील, मग थोरला, मग अनीशला लावू. तुमच्या वडिलांच्या वाटचा हात कुणी लावायचा, ते मात्र त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय.

बटण अजून लागलेलं नाही. तसलं माझ्या दुकानात नाही.