डावीकडच्या पट्ट्या

आर्वी नाका, वर्धा
ता. २० नोव्हेंबर

चि. कार्तिक यास ताईचे आशीर्वाद. आम्ही सर्व इकडे सुखरूप आहोत. तुझी खुशाली कळवावी.

झालं. इथवर शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसं लिहिलं, पुढचं माह्याच्यानं तसं होत नाई. बोलते तसंच लिहिते. फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू "हाव ताई, मजेत आहो" म्हणतं, अन् कोणीतरी बोलावून राह्यलं म्हणून ठेवून देतं. कागदाले कोणी बोलावत नाई. बसून पुरा वाच.

पयले कामाचं. तुह्या कीबोर्डले गिऱ्हाईक आलं आहे. या पुऱ्या सीझनमधलं पयलं खरं गिऱ्हाईक, अन् त्यायनं बरोबर तुहाच धरला. पण आपल्या दुकानाचा नियम तुले माहीत आहे. ज्याचा कीबोर्ड, त्यानं दुकानात येऊन स्वतः वाजवून दाखवाचा, मंगच तो विकाचा. तुह्या भाऊजीच्या गळ्यात एकानं मेलेल्या पट्ट्यांचा माल मारला होता, तवापासून हे चालू आहे. तुह्यासाठी नियम मोडला तं बाकीच्यायले कोणत्या तोंडानं सांगू? तं तुले याव लागते. येतं का नाई, एवढंच मले पायजे. बाकी या पत्रात सारं इकडचं तिकडचं आहे.

गावी आंजीले आई बरी आहे. गुडघा तिचा रोजचाच. कापूस घरात भरून ठेवला आहे, भाव वाढन म्हणून. आतल्या खोलीत पाय ठेवाले जागा नाई. मी म्हटलं, माय, झोपतं कुठं? तं म्हणे कापसावरच, एवढी मोठी गादी तुह्या सासरी तरी आहे का. तुह्याबद्दल विचारते. मी सांगते ओव्हरटाईम चालू आहे. ती म्हणते, राखीले ओव्हरटाईम, पोळ्याले ओव्हरटाईम, दिवाळीले ओव्हरटाईम, त्या कंपनीवाल्यायले घरदार आहे का नाई?

दुकानाचं काय सांगू बाप्पा. पयले तुळशीचं लगन झालं की पोट्टे कीबोर्ड घ्याले येत, सीझन सरला की तेच पोट्टे विकाले येत. त्या मधातच आपलं घर चालत होतं. यंदा तुळशीचं लगन व्हायच्या आधीच विकणाऱ्यायची लाईन लागली. लग्नात आर्केस्ट्रा सांगाले कोणी तयार नाई. एक स्पीकरचा डब्बा आणते, त्याले मोबाईल जोडते अन् नाचते. कंपनीत लागलेले पोट्टे हौसेनं शिकाले म्हणून घेत होते, त्यायले आता कंपनीनं घरी बसवलं. सोयाबीन विकून कोणी कीबोर्ड घेईन, तो जमाना तं केव्हाच गेला. तुह्या भाऊजीनं पाटीवर मोठ्या झोकात "सिंथेसायझर घेणे-देणे" लिहून घेतलं होतं. देणं बंद पडलं, घेणं मी बंद केलं. आता लोक नुसते ठेवून जाते, विकला तं फोन करजो म्हणते. एकावर एक रचले आहेत. मले मोरीत जायचं तं आडवं होऊन जाव लागते.

तुहे भाऊजी जिनिंगात जाते, कापसाच्या वजनकाट्यावर उभे राहाले. संध्याकाळी आले की मिशीत कापूस असते. दुकान माह्यावरच आहे.

आष्टीचा रूपराव तुले आठवत असन. धुमाल पार्टीवाला, वरातीपुढे गाडीवर उभा राहून वाजवत होता तो. पार्टी मोडली. सारे कीबोर्ड टेम्पोत घालून घेऊन आला. नियम म्हणून एकेक वाजवला. पुरी वरात वाजवली गड्यानं, नवरदेव मांडवात जाईपर्यंत. मी लसूण सोलत होती. वाजवून झालं, दुपट्ट्यानं पट्ट्या पुसल्या अन् म्हणे, वहिनी, कसा वाजला? मी म्हटलं, साऱ्या पट्ट्या बोलते. त्याले दुसरं काईतरी ऐकाचं होतं. माह्याजवळ नव्हतं. तो गेला अन् मी लसूण पुढं सोलाले घेतला.

सुरुवातीले मले भरून येत होतं. प्रेरणा मॅडम आल्या होत्या, क्लास चालवत होत्या त्या. सारेगमपर्यंत गेल्या अन् म्हणे, मोहिनीताई, चालतात सगळ्या, पुढचं तुम्हीच पाहून घ्या. त्या दिवशी मी जेवली नाई. आता कोणी येवो, वाजवो, रडो, मले काईच होत नाई. खरंच सांगते. दात काढाच्या आधी डॉक्टर सुई देते, अन् मंग गाल आपला आहे का दुसऱ्याचा हे समजत नाई, तसं पुरं अंग झालं आहे. खाते, झोपते, पट्ट्या पुसते.

तुहा कीबोर्ड दसऱ्याच्या मागंपुढं ट्रॅव्हल्सनं आला. फोनवर तू म्हणे, वेळ भेटत नाई ताई, विकून टाकजो. मी बरं म्हटलं अन् दुसऱ्या दिवशी पुसाले घेतला.

आता माहं काम तुले माहीत आहे. पट्ट्या पाहून मी सांगते कोणाच्या घरून आला. भजनवाल्याच्या मधातल्या पट्ट्या पिवळ्या पडते. धुमालवाल्याच्या वरच्या ढिल्या होते. लेकराच्या हातचा असला तं फटीतून बिस्किटाचा चुरा निघते. तुह्या उजवीकडच्या पट्ट्या चकचकीत होत्या. रोज वाजवल्याशिवाय तशी चमक येत नाई. अन् डावीकडच्या? फटीफटीत बुरशी. पुरा पावसाळा तिकडे बोट लागलं नव्हतं. बटणं पाह्यली तं ऑटो रिदम लावून ठेवलेला, म्हंजे डाव्या हाताचं काम मशीनच करते.

मले हासू आलं. तूच आर्केस्ट्रात असताना ऑटो लावणाऱ्यायले किती चिडवत होता! "डावा हात काय देवानं शोभेले देला का बे?" हे तुहंच. मंग मी तुले फोन लावला अन् तेच तुले सुनावलं. अजून वरून म्हटलं, पुण्याले जाऊन भल्ला आळशी झाला तू. तू मंग म्हणे, ठेवतो ताई. मले वाटलं, राग आला साहेबाले.

जाऊ दे ते. दिवाळीचा फोटो भेटला. शर्ट चांगला आहे, तो रंग तुले शोभते. वाळला मात्र लय. एक हात खिशात घालून उभा आहे हिरोसारखा. आईनं तो फोटो मोठा करून, छोटा करून पाह्यला अन् म्हणे, उन्हाळ्यातल्या फोटोत दोन्ही हातानं गाठोडं धरून उभा होता, आता हा हिरो कवापासून झाला? मी म्हटलं, पुण्याची हवा.

तं गिऱ्हाइकाचं सांगत होती. केळझरच्या बाया आल्या होत्या, भजन मंडळाच्या. पुढारीण अनुसयाबाई. आवाज असा का नाक्यावरच्या ऑटोवाल्यानं वळून पाह्यलं. त्यायचे पेटीवाले बापूजी उन्हाळ्यात गेले. पेटीचा भाता फाटला, तो शिवणारा भेटून नाई राह्यला. म्हणे, आमाले लाईटवाली पेटी दाखव. मी रूपरावचे दाखवले. ते त्यायले नाई पटले, लायटिंग लावून जसा नवरदेवाचा घोडाच. मंग एकीनं बाजूच्या टेबलावरची चादर सरकवली तं तुहा दिसला. साधा, काळा. अनुसयाबाईनं त्याच्यावर हात फिरवला अन् म्हणे, हा देवापुढं शोभते.

मी नियम सांगतला. म्हटलं, माह्या भावाचा आहे, तो येऊन वाजवून दाखवन, मंग घेजा. तं म्हणे, येऊ दे ना मंग, आमाले कायची घाई? देव कुठं पळून चालला? मी विचारलं, तुमच्यात वाजवते कोण? साऱ्या एकमेकीकडे पाहाले लागल्या. एक म्हणे, तेच तं नाई. अनुसयाबाई म्हणे, वाजवणारा भेटला तं पेटी घेऊ, नाईतं नुसती पेटी नेऊन काय तिची आरती कराची? तुहा भाऊ वाजवन का आमच्यात? महिन्यातून चार भजनं, सप्त्याले रोज, जेवाखावाचं आमच्याकडे.

माह्या तोंडून निघून गेलं, मावशी, त्याले एका हातानंच वाजवता येते आता.

कार्तिक, हे मी त्या बाईले काऊन सांगतलं मले माहीत नाई. तुह्या भाऊजीशिवाय कोणाजवळ बोलली नव्हती. स्वतःशी बी नाई. तोंडातून निघालं अन् मी उभी राह्यली, आता ह्या बाया च् च् करन म्हणून.

त्या बाईनं माह्याकडे असं पाह्यलं, जशी मीच येडी. म्हणे, मंग? पेटी एकाच हातानं वाजवते ना वं! आमच्या बापूजीचा डावा हात जन्मभर भात्यावर गेला. सूर काय डाव्यातून निघते का? अन् हा तं लाईटवाला आहे, याले भाताबी नाई. मंग दुसऱ्या हाताचं काम काय?

अन् झोला उचलून बस पकडाले निघून गेल्या साऱ्या. जाताना म्हणे, नक्की झालं की फोन करजो.

मी पायरीवर बसली अन् रडली. नाक्यावरच्या लोकायसमोर, भर दुपारी, पदरात तोंड घालून. इतक्या दिवसाचं सारं निघालं. रूपरावची वरात, प्रेरणा मॅडमचं सारेगम, अन् तुले फोनवर मी जे बोलली ते. ते तं लय वेळ निघत राह्यलं.

आता सांगतेच. तुले सुनावल्यावर आठवड्यानं मी पुन्हा फोन केलता. तुह्या खोलीतल्या ऋतिकनं उचलला. मी म्हटलं, कार्तिकले दे. तं म्हणे, दादा ड्रेसिंगले गेला. मी विचारलं, कायची ड्रेसिंग? काई नाई ताई, किरकोळ. मी म्हटलं, कोणता हात? पोट्टं भोळं, डावा म्हणून बसलं. मंग मी सोडते काय त्याले? कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये. आखाडात. तीन बोटं. दुसरं ऑपरेशन झालं तवा दवाखान्यात सोबत कोण होतं, तं ऋतिकच. त्याच्यावर चिडू नको. त्यानं तुह्या शपथेचं लय सांगतलं, मीच ऐकलं नाई.

तवा बी मी रडली नाई. फोन ठेवला अन् कुकर लावला. संध्याकाळी तुह्या भाऊजीले सांगतलं. ते उठले, दुकानात गेले, तुहा कीबोर्ड त्या ढिगातून काढला अन् वेगळ्या टेबलावर ठेवून त्याच्यावर धुतलेली चादर टाकली. विकाचा म्हणून त्याच्यावर चिठ्ठी लावाले मी सांगतलं, तं त्यायनं आजवर लावली नाई.

मले राग कशाचा येते सांगू का? बोटं गेली त्याचा राग मशीनवर आहे. पण आखाडापासून तू एकटा खोलीत बसून उजव्या हातानं वाजवत राह्यला, रोज, चमक येईपर्यंत, अन् मले तुह्या पट्ट्या पुसून समजाव लागते? मी तुही कोण आहो? मंग थकला अन् डब्ब्यात भरून पाठवून देला. त्यापेक्षा स्वतःच येऊन बसला असता तं!

आईले मी काई सांगतलं नाई. तिनं फोटो कायले मोठा केला होता, ते तू समजून घे. मले वाटते तिले बी माहीत आहे. आपल्या घरी सारेच शहाणे, कोणी कोणाले काई सांगत नाई.

तं असं आहे. दुकानात गिऱ्हाईक नाई, मी तुले पगार देईन असं खोटं बोलत नाई. इथं एकच गिऱ्हाईक आहे, अन् त्याले कीबोर्ड एकटा नको, वाजवणारा बी पायजे. डावीकडची बुरशी मी पुरी काढली आहे. साऱ्या पट्ट्या बोलते. तू येऊन उजव्यानं वाजव. भजनात तेवढंच लागते. अन् मनात आलं की डावीकडे मी बसीन. इतके वर्ष दुकानात ऐकून ऐकून दोन-चार सूर धरता येते मले. चुकली तं चिडव, तुहा हक्क आहे.

अनुसयाबाईले अजून फोन केला नाई. तुहं कळलं की करीन. गाडीचं तिकीट काढलं की सांगजो, तुहे भाऊजी स्टेशनवर येतीन. मिशीतला कापूस पुसून याले सांगते त्यायले.

अन् कार्तिक, उतरशील तवा हात खिशात घालून उतरू नको. दोन्ही बाहेर ठेव. मले दोन्ही पायजे.

तुहीच,
मोहिनीताई