नवं हाड येण्याआधी

सर, पुवाची किळस तुमच्या वॉर्डातच सुटली होती. आज शिसारी आली ती माणसाची. हदगावकडची सात वर्षांची एक पोर घेऊन तिचे आईबाप आलेत. नडगीच्या हाडात वर्षभर पू, जखम भरायची नि पुन्हा फुटायची. लातूरच्या एका डॉक्टरनं मेलेलं हाड घाईनं काढलं आणि आता नडगी मधोमध रिकामी. पाय टेकवला की वाकतो. "कीड गेली म्हणले सायेब, मग लेकराचा पाय असा कामून लुळा पडला?" आई विचारून राहिली. काय सांगू तिला?

तुम्ही नांदेडच्या ओपीडीत एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरायचात. मेलेला तुकडा सुटलाय का, त्याच्याभोवती नव्या हाडाचं कवच आलंय का, आणि ते कवच लेकराचं वजन पेलेल का, यावर कोणत्या मुलाला काय करायचं ते ठरायचं. कवच नसलं की पू तेवढा काढायचा, औषधं, प्लास्टर, आणि थांबायचं. नातेवाईक कुरकुरायचे, हा डॉक्टर नुसत्या पट्ट्या बांधतो म्हणायचे. मी एकदा उतावीळपणे चिमटा उचलला तर हातावर फटका मारलात. "बाई, भाकरीला पापुद्रा यायच्या आत उलथता का? लेकराचं अंग हाड बांधून राहिलंय, तुमचं काय जातंय थांबायला?" मला तेव्हा तुमचा लई राग आला होता.

त्या लातूरच्या डॉक्टरला मी फोन केला. "अगं, एवढं थांबलं तर पेशंट शेजारच्याकडं जातो," म्हणाला, वर हसला. थू! ओळखलंत ना, सर? आमच्याच बॅचचा, ज्याच्या हाताचं तुम्ही चारचौघांत कौतुक करायचात, तोच. पोरीचं हाड ट्रेमध्ये ठेवून त्यानं फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर फिरवला आणि खाली लिहिलं, 'सरांचे आशीर्वाद'. शंभर अंगठे आलेत त्याला.

पोरीचा बाप म्हणतो, पाय कापून मोकळं करा, तिची शाळा बुडून राहिली. मी नाही म्हटलं. आधी जखम कोरडी करीन, मग नडगीशेजारचं बारीक हाड त्या पोकळीत सरकवीन. धरलं तर ती चालेल. नाही धरलं तर बाप म्हणतो तेच करावं लागेल, आणि तेही मलाच.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही गेल्यापासून अवघड केस आली की तुम्ही हवे होतात असं वाटतं. आज मात्र, सर, तुम्ही नाहीत याचं बरं वाटलं.