कांडीवर गुंडाळलेली दीड हात फीत

अण्णा, त्या सकाळी नळ लवकर गेला होता. दोन कळश्या आणि अर्धं पिंप भरून मी आत आले, तर तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून व्हीसीआरचं झाकण उघडून बसलेले. चहा उकळत होता, गोधड्यांच्या घड्या व्हायच्या होत्या, भाकरीचं पीठ परातीत तसंच पडलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात कोरडे कर आन् हिकडं ये." लग्न होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं होत होतं. तुम्ही स्पिरिटमध्ये बुडवलेला सांबरकातड्याचा तुकडा माझ्या बोटात दिलात आणि आतला चकचकीत ड्रम दाखवलात. "आडवं पुसायचं. उभं पुसलंस तर त्याच्यावरचं हेड मोडंल. मिलातला साचा बिघडला की खडखडाट करून सांगतो तरी. हे गपचिप मरतं." मी पुसत होते आणि तिकडे चहा उतू गेला. स्टोव्ह विझला. हे दारात दाढी करता करता हसले. "अण्णा, सून आणली का मेकॅनिक?" तुम्ही म्हणालात, "तू शिकला न्हाईस म्हणून तिला शिकवतोय."

संप सुरू झाला तेव्हा तुम्ही मिलच्या साचेखात्यात चार साचे, म्हणजे माग, सांभाळत होतात. संप संपला असं कुणीच कधी सांगितलं नाही, नुसता भोंगा वाजायचा थांबला. मग तुम्ही नाक्यावरच्या फोटोग्राफरकडे जाऊन बसायला लागलात आणि लग्नांचं शूटिंग शिकलात. त्याने नवं व्हीसीआर मशीन घेतलं तेव्हा जुनं तुम्हाला दिलं. म्हणजे आपल्याकडे आलं तेव्हाच ते जुनं होतं. तुमची शूटिंगची रीत सगळ्या चाळीला माहीत होती. वरात, बँड, हार यांत तुम्हाला रस नव्हता. पंगत बसली की कॅमेरा खांद्यावर घेऊन तुम्ही एका टोकापासून निघायचात आणि साच्यांमधून फेरी मारावी तसे प्रत्येक पानासमोर तीन आकडे मोजेपर्यंत थांबत दुसऱ्या टोकाला जायचात. एकही चेहरा सुटायचा नाही. आणि चाळीत व्हीसीआर फक्त आपल्याकडे, म्हणून लग्न कुणाचंही असो, कॅसेट आपल्याच कपाटात राहायची. लग्नाचा वाढदिवस आला की ती माणसं आपल्या खोलीत यायची. घरातलं कुणी गेलं की तेराव्यानंतर यायची. मी चहा करायची, तुम्ही कॅसेट लावायचात. त्या माणसाचं पान आलं की खोलीत कुणी बोलायचं नाही.

त्यातलीच एक कॅसेट शेवटच्या खोलीतल्या मुलीच्या लग्नाची. तिचे वडील म्हणजे मिलमधले तुमचे जोडीदार, शेजारच्या साच्यावरचे. लग्नानंतर चार महिन्यांत ते गेले. जिवंतपणी कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे. त्या दिवशी मात्र पंगतीत आग्रह करत फिरताना तुम्ही त्यांना गाठलंत, आणि ते लेकीकडे हात करून, थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्या मालवणीत म्हणाले, "माका कित्याक दाखवतंस रे? माझ्या चेडवाक दाखव!" त्यांच्या मागे जिलबीचं ताट घेऊन हे उभे होते. हे खो खो हसले. ताट कललं, एक जिलबी खाली पडली, ती उचलायला हे वाकले आणि दिसेनासे झाले. एवढंच. बाकी कुठल्याच कॅसेटमध्ये हे नाहीत. आमच्याच लग्नात तुम्ही शूटिंग केलं नाहीत. तेव्हा तुम्हाला कॅमेरा येत नव्हता.

हे काविळीने गेले तेव्हा मी रडले ती लोकांसमोर रडायची तेवढीच. मग एका दुपारी तुम्ही नाक्यावर गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि ती कॅसेट लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. पहिल्यांदा मी ती जागा नुसती बघायची, मागे घ्यायची, पुन्हा बघायची. नंतर मी पॉज दाबायला लागले. हे हसताहेत, ताट कललंय, जिलबी अजून पडलेली नाही. मशीनसोबतचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ लावलेलं होतं. फीत एका जागी थांबली तरी आतला ड्रम फिरतच राहतो, म्हणून पाच मिनिटांनी मशीन स्वतःच पॉज सोडतं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, अण्णा. मशीन सोडायचं आणि मी पुन्हा दाबायची. तुम्हीही मला कितीतरी आधी सांगितलं होतं. एकदा कुणाची साडी नीट बघायला मी चित्र थांबवलं तेव्हा तुम्ही चारचौघांत बोलला होतात, "थांबवून बघू नगंस. एका जागी हुबं ऱ्हायलं की झिजतं. म्होरं जाऊ दे, पुन्यांदा मागं आन." तेव्हा मला अपमान वाटला होता. आणि त्या दुपारी व्हायचं ते झालं. मशीनमधून कचकच आवाज आला, चित्र गेलं. झाकण उघडलं तर ती जागा आत अडकून चुरगळली होती.

तुम्ही दाखवलं होतंत तसंच मी केलं. ब्लेडने दोन्हीकडे तिरका छेद दिला, काचेवर टोकाला टोक भिडवलं, मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली, चकचकीत बाजूला बोट लागू दिलं नाही. मधला चुरगळलेला भाग दीड हात भरला. दीड हात म्हणजे जेमतेम अर्धं मिनिट. तो टाकवेना. तुम्ही मिलमधून आणलेली एक लाकडी कांडी होती, साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावतो त्या धोट्यात बसते ती. तिच्यावर मी तो हलक्या हाताने गुंडाळला आणि पावडरच्या डब्यात ठेवला. काही दिवसांनी तुम्ही ती कॅसेट काढलीत. जोडावरून अंगठा फिरवलात.

"जोड कुणी लावला?"

"मी."

"सरळ आलाय," एवढंच बोललात आणि कॅसेट कपाटात ठेवलीत. त्यानंतर तुम्ही दुपारी घरी येताना जिन्यापासूनच खोकायला लागलात. खोकला तुम्हाला कधीच नव्हता. मला आवरायला वेळ मिळावा म्हणून ते होतं, हे कळायला तुम्ही गेल्यावर दोन वर्षं लागली.

आता आपल्या जिन्याखालच्या व्हिडिओ लायब्ररीत एकही कॅसेट उरलेली नाही. सगळ्या फळ्यांवर सीड्या. समोरच्या इमारतीत कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीभर कॅसेटची फीत ताणून बांधली आहे. वाऱ्याने ती चमकते आणि गुणगुणते. मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. आपलं मशीन चालतं. लॅमिंग्टन रोडवरून रबरी पट्टे आणून मी दोनदा बदलले, पण तिसऱ्यांदा मिळतील असं तिथला दुकानदार म्हणाला नाही. रोज आडवं पुसते. कपाटातल्या कॅसेटींपैकी निम्म्या घरांनी आपापल्या नेल्या. उरलेल्यांपैकी कुणी कधी विचारलं तर काय, ही धाकधूक माझ्या मनात कायम असते. खरं तर एकाच कॅसेटीची.

आणि ती आलीच. शेवटच्या खोलीतली ती मुलगी. आता शिवडीला असते, तिची मुलगी कॉलेजात आहे. दारातूनच ओरडली, "वहिनी, ते धूड अजून जिवंत आहे? कमाल आहे बाई तुमची!"

"तुझ्या वडलांच्या ओळखीचं आहे ते. नीट बोल."

"बरं, त्याला नमस्कार करते, झालं?" असं म्हणून तिने खरंच मशीनला हात लावून नमस्कार केला आणि हसत बसली. मग हळूच म्हणाली, "माझी कॅसेट द्या ना. दादरला सीडी करून मिळते. आमच्या पोरीने आजोबांचा आवाजच ऐकलेला नाही. ते माका कित्याक दाखवतंस म्हणतात ना, तेवढं तरी ऐकवायचंय तिला."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, कपाट लावलेलं नाही, शोधून ठेवते, रविवारी ये.

रविवारला चार दिवस होते. मी एकटी दादरला जाऊन त्या दुकानात विचारून आले. तो म्हणाला, "जोडलेली टेप आम्ही लावत नाही मावशी. हेड जातं आमचं." म्हणजे दुकानातलं नवीन मशीन ती घेणार नव्हतं. घेतली तर आपलं मशीनच घेणार होतं, आणि तेही एकदा घेईल की अर्ध्यात तोडेल, कोण सांगणार? आणि तो तुकडा जोडायचा म्हणजे डबा उघडायचा. इतक्या वर्षांत मी तो उघडला नव्हता. शनिवारी सकाळी कळश्या भरून झाल्यावर मी हात कोरडे केले आणि वर्तमानपत्र पसरलं. कांडीवर राहून राहून फीत सपाट झाली होती. जोड दोन लावायचे होते. पहिला वाकडा आला, तो काढून पुन्हा लावला. दुसरा एका फटक्यात आला.

जोडलेली फीत दुकानात घेत नाहीत, एवढं मी तिला कळवलं होतं, म्हणून रविवारी ती आवाज भरून घ्यायला छोटा टेपरेकॉर्डर घेऊन आली. मी कॅसेट आत ढकलली. पंगत सुरू झाली. एकेक पान, तीन तीन आकडे. पहिला जोड खट्कन गेला, आणि पडदा पांढरा झाला. नुसत्या रेघा, नुसता पाऊस पडावा तसं. माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. आणि मग त्या पांढऱ्यातून तिचे वडील बोलले. लख्ख. "माका कित्याक दाखवतंस रे? माझ्या चेडवाक दाखव!" मागे हे हसले, ताट वाजलं, आणि दुसरा जोड जाऊन चित्र परत आलं. आवाज फितीच्या कडेला असतो, तिथे ड्रम घासत नाही. हेही त्या पुस्तकात होतं. घासलं होतं ते चित्र. यांचा चेहरा मी बघून बघून पुसून टाकला होता, आणि त्यासोबत तिच्या वडिलांचाही.

ती तोंडावर पदर धरून रडत होती आणि हसत होती. "परत लावा, वहिनी." मी परत लावलं. तीनदा लावलं. दोन्ही जोड टिकले. जाताना तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आवाज मिळाला, पुष्कळ झालं. चित्र तेवढंच नेमकं मशीनने खाल्लं, नाही? जुनं झालंय, त्याचाही काय दोष? फेका आता."

मी "हो" म्हटलं.

अण्णा, इतकी वर्षं ज्याने माझं सगळं सहन केलं त्याच्यावर मी ते ढकललं. ती गेल्यावर मी मशीनवर झाकण घातलं आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले. तुमचं काय, हेही मी तेव्हा पहिल्यांदा मनात आणलं. त्या दीड हातात तुमचाही मुलगा होता. तुमच्यापुरता मी तो कापून डब्यात ठेवला, आणि तुम्ही जिन्यापासून खोकत आलात. तुम्ही मागितला असता तर मी दिला असता, असं लिहायला घेतलं होतं. पण खरं ते असं की मी दिला नसता. हे कागद मी त्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार आहे. कॅसेट आता तिथे नाही.

कारण दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर मी ती पिशवीत घातली, शिवडीला गेले, आणि तिने दार उघडल्यावर आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच तिला सांगितलं की तिच्या वडिलांचं चित्र मशीनने नाही, मी घालवलं.