मान उजळलेला फोटो

नोबुएताई,

तुला आणि भावोजींना चिझुरूचा नमस्कार. थंडी पडली, भावोजींचे गुडघे काय म्हणतात? आमची कोतोमी दीड वर्षाची झाली तरी मला सोडत नाही. सासूबाई ठणठणीत. माझं म्हणशील तर डाव्या मनगटाची नाडी अजून सापडत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज असेल, म्हणतात डॉक्टर. कापाकापी नाही, फोटोत कळतं म्हणे.

त्या फोटोसाठी आदल्या दिवशी भात बंद (सासूबाईंनी तरी दोन गोळे समोर ठेवलेच, "भात काय खाण्यात धरतात का?"). सकाळी उपाशीपोटी किरणांची साखर टोचली. जिथे सूज तिथे ती जमते आणि फोटोत उजळते, असं नर्सबाई म्हणाल्या. मग तासभर गप्प पडायचं, हलायचं नाही. मी नाहीच हलले गं. पण बाईंनी पांघरूण घातलं, तर मान नको का लववायला? शेजारच्या आरामखुर्चीत एक आजी. तिने मान लववली, मी लववली, तिने परत. आता शेवटचा नमस्कार तिचा कसा होऊ द्यायचा? (सहा वर्षं बेप्पूच्या हॉटेलात दाराशी होते मी, पाहुण्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकायचं.) तासभर चाललं आमचं, तोंडातून शब्द नाही.

डॉक्टर फोटो बघत बसले. "मानेचे स्नायूच पेटलेत सगळे, त्यात रक्तवाहिन्या दिसेनात. काय करत होतात?" सांगितलं. त्यांनी फोटो बाजूला सारला. मग म्हणाले, "मंगळवारी परत या. कुणालाही वाकायचं नाही." मी वाकून बरं म्हटलं. आजीलाही मंगळवारच दिलाय. जाताना म्हणाली, "पोरी, त्या दिवशी आपली ओळख नाही हं."

घरी आले तर अंगात किरणं, म्हणून संध्याकाळपर्यंत पोरीला घ्यायचं नाही. ती दारावर थापा मारत रडली, मी आतून दार धरून बसले. दमले गं ताई. भीती वगैरे काही नाही. तुझं मासळी सुकवायचं काम सोडून धावत येऊ नकोस.

तुझी,
चिझुरू

ता. क. सोमवारी दुपारच्या गाडीने आलीस तर हे स्टेशनवर येतील. मी सांगून ठेवलंय.

आणखी एक. फोनवर तुझा आवाज आला की कोतोमी माझ्याकडे न बघता फोनकडेच हात करते. आपला आवाज सारखाच आहे ना. तिला आत्तापासून तुझी सवय झालेली बरी.