आवाज तर ओळखीचाच होता

जयपूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. मी इकडे मजेत आहे. तुमचे गुडघे, आईची शुगर आणि गल्लीतलं नळाचं पाणी, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नका. पोस्टमननं हातात काही ठेवलं की तुम्ही आधी खुर्ची शोधता, मला माहीत आहे. बातमी वाईट नाही. फोनवर तुम्ही सापडत नाही म्हणून लिहितेय, एवढंच. आईला विचारलं की ती म्हणते, "ते बागेत आहेत." अण्णा, आपल्या घराला बाग नाही. दोन कुंड्या आहेत, त्यातल्या एकीत नुसती माती. त्या मातीचं तुम्ही सकाळ-संध्याकाळ काय करता, ते एकदा कळवा.

इथे थंडी सुरू झाली. बनी पार्कातून मालवीय नगरला स्कूटीवर जाताना बोटं आखडतात. घरमालकीणबाईंनी तीळ-गुळाची गजक खायला घालून घालून माझे गाल वर आणलेत. त्या मला 'प्रग्याजी' म्हणतात. 'प्रज्ञा' म्हणायला मी शिकवून पाहिलं, मग नाद सोडला. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही याचं वाईट वाटलं, पण नोकरीत अजून पक्की झालेली नाही, आणि हेल्पडेस्कवर कुणीतरी बसावंच लागतं.

आता ऑफिसात घडलेली गंमत सांगते. ती सांगायलाच बसले होते.

तुम्हाला ठाऊक आहे, आमची कंपनी दवाखान्यांसाठी संगणकाची कामं करते. पेशंटची नोंदणी, रिपोर्ट, सगळं. या पावसाळ्यात ऑफिसात एआय आलं. पत्रं तेच लिहितं, मोठ्या फायलींचा गोषवारा तेच काढतं. लोक असे खूश झाले की काय विचारता! एकानं तर बायकोच्या वाढदिवसाची कविता त्याच्याकडून करून घेतली आणि पकडला गेला, कारण कवितेत बायकोचे डोळे निळे होते.

पण अशानं माणसं सैलावतात. म्हणून आमच्या टीमचे प्रमुख परीक्षितजी यांनी सगळ्यांना एक धडा द्यायचं ठरवलं. आमचे मालक रणजीत सर. त्यांच्या परवानगीनं परीक्षितजींनी एआयकडून हुबेहूब त्यांच्या आवाजातला निरोप तयार केला आणि सगळ्यांना पाठवला: "मैं रणजीत बोल रहा हूँ. कल सबकी छुट्टी है." अख्खा मजला नाचला. एकानं तिथल्या तिथे जोधपूरचं तिकीट काढलं. मग परीक्षितजी आले आणि म्हणाले, हा सरांचा आवाज आहे, पण सर नाहीत. त्या दिवसापासून नियम झाला: फोनवर आवाज कितीही ओळखीचा वाटला, तरी नुसत्या आवाजावर कुणाला काही द्यायचं नाही. नोंदवलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. दोघांनी मिळून खात्री करायची, मगच हात लावायचा.

गेल्या आठवड्यात हेल्पडेस्कचा फोन वाजला. मी उचलला.

"मैं रणजीत बोल रहा हूँ."

सर कोचीला गेले होते. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलला आमचं काम दाखवायचं होतं. मोबाइल रिक्षात राहिला, लॅपटॉप उघडेना, पासवर्ड बदलायचा तर कोड हरवलेल्या मोबाइलवर जाणार. डॉक्टर मंडळी हॉलमध्ये खोळंबली होती. हॉस्पिटलच्याच फोनवरून सर म्हणाले, तुम्ही तिकडून खातं उघडून द्या. लगेच.

मी म्हणाले, "सर, मैं नहीं दे सकती."

"आप मेरी आवाज़ नहीं पहचानतीं?"

"पहचानती हूँ सर. इसीलिए नहीं दे सकती."

अण्णा, ते ओरडले. माझं नाव विचारलं. मी सांगितलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. गेली नोकरी, असं मनात आलं. इतक्या लवकर उदगीरला परत येऊन आईला काय सांगू, इथपर्यंत विचार गेला. पण मी फोन धरून ठेवला आणि परीक्षितजींना खूण केली. ते माझ्या शेजारी येऊन बसले. सरांच्या नावापुढे दुसरा नंबर घरचा होता, जुना लँडलाइन. तो लावला आणि दोन्ही फोन जोडले.

फोन उचलला सरांच्या आईनं. इकडे राजपूत घरांत आईला माँसा म्हणतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सर म्हणाले, "माँसा, मैं हूँ."

"आवाज़ तो मेरे रणजीत की ही है," माँसा पटकन म्हणाल्या. "दे दो बेटा, जो माँग रहा है."

इथे माझा हात थांबला.

अण्णा, आता लिहितेच. इतका वेळ कुंड्या आणि गजक करत बसले, पण मला महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीच्या त्या फोनबद्दल बोलायचं आहे. त्या दिवसानंतर तुम्ही आणि मी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. आईनं जे सांगितलं तेवढंच मला माहीत: फोनवर मी रडत होते, अपघात झाला म्हणत होते, "अण्णा, तुमच्या फोनवर आलेला आकडा सांगा" म्हणत होते. तुम्ही सांगितला. मग तुमचं व्हॉट्सॲप त्यांच्या हाती गेलं आणि तुमच्या नावानं सगळ्या माजी विद्यार्थ्यांना, सदाशिवकाकांना, मदतीचे निरोप गेले. सदाशिवकाकांनीही आलेला आकडा देऊन टाकला. त्यानंतर तुम्ही फोन बंद करून ठेवला. काकांबरोबरचं सकाळचं फिरणंही सोडलं.

माझा आवाज त्यांनी कुठून घेतला ते मला सांगता येणार नाही. बहुतेक मी रांगोळीचा व्हिडिओ टाकला होता, त्यातून.

तर माँसा तसं म्हणाल्या तेव्हा मला तुमचा चेहरा दिसला. आईबापाला लेकराचा आवाज कळतो, हे खरंच आहे. ते कळतं म्हणूनच चोर तिथे हात घालतो. मी म्हणाले, "माँसा, आवाज़ पर मत जाइए. कुछ ऐसा पूछिए जो बस आप दोनों जानते हों."

माँसांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "बचपन में तू किससे डरके मेरे पल्लू में छिपता था?"

सरांनी आवाज खाली आणला.

"माँसा, यहाँ डॉक्टर लोग बैठे हैं."

"बैठे रहने दे. बोल."

"...मोर से."

"और?"

"मोरनी से भी."

परीक्षितजींनी तोंडावर फाइल धरली. आम्ही दोघांनी मंजुरी दिली, खातं उघडलं, सरांचं काम झालं. दुपारपर्यंत बातमी चहावाल्या भैयापर्यंत पोचली होती. पोरं मला बघून मोराचा आवाज काढत होती आणि माझ्या नोकरीवर पैजा लावत होती.

सर परत आले आणि त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मी सगळ्यात मागे उभी राहिले. आणि अण्णा, त्यांनी मोराची गोष्ट स्वतःच सांगितली! आजोळच्या वाड्यात एका मोरानं त्यांच्या हातातला लाडू पळवला होता, तिथपासून. सगळे पोट धरून हसले. मग ते म्हणाले, "मुझे उस वक़्त बहुत ग़ुस्सा आया था. वो ग़ुस्सा ग़लत था." माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "थैंक यू, प्रज्ञा." त्यांनी नाव बरोबर उच्चारलं.

पुढचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हिशेब विभागातल्या विनया मॅडम उठल्या. शांत बाई, कधी मोठ्यानं बोलत नाहीत. म्हणाल्या, मी पंधरवड्यापूर्वी एका हॉस्पिटलच्या पेशंटची फाइल फुकटच्या एआयवर टाकली. गोषवारा लवकर हवा होता. नंतर कळलं की हे बाहेर गेलं. भीतीनं कुणाला बोलले नाही. रोज सकाळी येताना वाटतं, आज कळेल. सरांचा चेहरा उतरला. नावं, आजार, सगळं त्या फाइलमध्ये होतं. पण ते म्हणाले, "आज बताया, अच्छा किया. चलिए, ठीक करते हैं." परीक्षितजी मॅडमना घेऊन तेव्हाच वर गेले. हॉस्पिटलला कळवलं, त्या एआयवाल्या कंपनीला फाइल काढून टाकायला लावली. हॉस्पिटलवाले चिडले, पण लवकर सांगितलं म्हणून काम टिकलं. मॅडम नोकरीत आहेत. आणि त्यांच्यामागून आणखी माणसं उठली. कुणी नको त्या लिंकवर बोट ठेवलं होतं, कुणी भावाला पासवर्ड दिला होता. सगळी शिकलेली, हुशार माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की अख्ख्या ऑफिसात गाढव आपण एकटेच.

मी तिथे उभी राहून तुमचाच विचार करत होते.

नंतर सरांनी विचारलं, अशी सभा पुन्हा भरवू, तेव्हा बोलायला कुणाला बोलवावं? पोलीस, तज्ज्ञ, सगळी नावं झाली. मी म्हणाले, "सर, मेरे पिताजी. ज्यांच्याबरोबर हे घडलं ते स्वतः सांगतील, आणि ते गणित इतकं छान शिकवतात की मागच्या बाकावरचाही झोपत नाही." अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलले, पण कळलं त्यांना. तुम्हाला न विचारता बोलले. रागवायचं तर रागवा, पण इथे येऊन रागवा. जानेवारीत या, आईला घेऊन. हवा छान असते.

नाही म्हणालात तरी चालेल. पण "बागेत आहेत" हे उत्तर मी घेणार नाही.

तुमची, अगदी खरीखुरी,
प्रज्ञा


उदगीर,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रज्ञास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. गुडघे आहेत तसे आहेत, शुगर उतरली आहे, पाणी एक दिवसाआड येते. रिकाम्या कुंडीत मेथी पेरली आहे. उगवली. तेव्हा तुझी आई खोटे बोलत होती असे म्हणता येणार नाही.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. मोरनीच्या जागी ती इतकी हसली की शेजारची बाई काय झाले म्हणून विचारायला आली. तिलाही वाचून दाखवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी सदाशिवकडे गेलो. इतके दिवस त्याची गल्ली टाळून मी लांबच्या रस्त्याने भाजी आणायला जात होतो. त्याने दार उघडले आणि आधी मला पाच मिनिटे शिव्या दिल्या, मी आलो नाही म्हणून. मी विचारले, "तुला निरोपाचा संशय कसा आला नाही रे? तू तर दूधवाल्यावरही विश्वास ठेवत नाहीस." तो म्हणाला, "नागनाथ, चाळीस वर्षांत तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलंस. मला इतका आनंद झाला की चष्मासुद्धा लावला नाही." मग आम्ही चहा घेतला, आणि फिरायला जायचे परत सुरू केले आहे. तो फार हळू चालतो.

जानेवारीचे म्हणशील तर येतो. हिंदी माझी आपल्या उदगिरी वळणाची आहे, तुमच्या लोकांना हसू येईल. येऊ दे. फळा आणि खडू मात्र लागेल. पडद्यावर सरकणारी चित्रे दाखवून मला बोलता येत नाही. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. तू त्यांना नाही म्हणालीस ते वाचताना माझा ऊर भरून आला. हे मी तुझ्या आईला सांगितलेले नाही, तुलाच लिहितो.

आणखी एक गोष्ट आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगण्याआधी तुला सांगायला हवी.

त्या दिवशी तू फोनवर रडत होतीस. ती तूच होतीस, माझ्यासाठी. आकडा सांगितला आणि फोन कट झाला. मग मी आईच्या फोनवरून तुला लावला, आणि तू जेवता जेवता म्हणालीस, "काय झालं अण्णा? मी तर ऑफिसात आहे." सगळे विचारतात, फसलात हे कळल्यावर काय वाटलं? सर्वांना वाटते की मला लाज वाटली असेल. लाज वाटली, पण ती संध्याकाळी, लोकांचे फोन येऊ लागले तेव्हा. त्या क्षणी मी ओसरीवर खाली बसलो आणि मोठमोठ्याने हसलो, कारण तुला काहीही झालेले नव्हते.

तुझा,
अण्णा